फुसका बार

१९०७ साली जिम कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. नेपाळ आणि कुमाऊँ मिळून ४३६ माणसांचे बळी तिच्या नावावर होते. ही हकिगत मराठी वाचकाला नवी नाही. कॉर्बेट आपल्याकडे अनुवादांतून कधीचाच पोचला आहे. पण त्या हकिगतीच्या शेवटी येणारा एक तपशील बहुतेकांच्या स्मरणातून निसटतो. मेलेल्या वाघिणीचा जबडा पाहिला तेव्हा उजव्या बाजूचे वरचे-खालचे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. एक अर्ध्यावर तुटला होता, दुसरा थेट हाडापर्यंत. ती जुन्या गोळीची खूण होती. या दुखापतीमुळे तिला नेहमीचे भक्ष्य मारता येईना आणि ती माणसाकडे वळली, असा कॉर्बेटचा निष्कर्ष होता. वाघ नरभक्षक का होतात याची कारणे सांगताना, निष्काळजीपणे झाडलेली गोळी आणि जखमी जनावराचा माग काढण्यातली कुचराई ही दोन कारणे त्याने पुढे आवर्जून नोंदवली.

म्हणजे इतक्या मृत्यूंच्या मुळाशी एक अर्धवट बार होता.

शिकारीच्या साहित्यात जंगल असते, मचाण असते, नेम असतो, धडधडणारी छाती असते. काडतुसात काय भरले होते, किती भरले होते आणि कोणी भरले होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. या लेखाचा विषय तोच आहे. मोठ्या जनावरांसाठी घडवलेले ‘मॅग्नम’ काडतूस आणि ते घरच्या टेबलावर, हाताने, मोजूनमापून भरणारे लोक यांचा हा इतिहास वरवर पाहता ताकदीच्या हव्यासाचा वाटतो. जवळून पाहिले तर त्याच्या जवळजवळ प्रत्येक वळणावर एक जखमी जनावर उभे दिसते.

शिंग, गज आणि टोपी

‘फुसका बार’ हा वाक्प्रचार आपण आज राजकारणापासून दिवाळीतल्या फटाक्यांपर्यंत कुठेही वापरतो. त्याचे मूळ ठासणीच्या बंदुकीत आहे. शिंगातली दारू मोजून नळीत ओतायची, वर चिंधी, त्यावर शिशाची गोळी किंवा छर्रे, मग गजाने सगळे ठासायचे आणि शेवटी कानाशी टोपी बसवायची. याला ‘बार भरणे’ म्हणत. दारू सर्दावलेली असली, ठासणी सैल राहिली, की बार फुसका जाई. दारू जास्त झाली तर नळी फाटून भरणाऱ्याचाच हात जाई. गोळी झाडणारा आणि बार भरणारा माणूस एकच असल्यामुळे दोष देण्यासाठी दुसरे कोणी नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. दारू, गोळी आणि टोपी या तिन्ही गोष्टी एका पितळी पुंगळीत बंद झाल्या आणि बंदूक मागच्या बाजूने भरता येऊ लागली. १८६६ साली इंग्लंडमध्ये कर्नल बॉक्सर यांचे काडतूस सैन्यात आले. त्याच सुमारास अमेरिकेत हायरम बर्डन यांनी आपल्या धाटणीच्या टोपीचे पेटंट घेतले. आपल्या पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये उभा राहिला, तो याच बदलाच्या लाटेत. बार भरण्याचे काम शिकाऱ्याच्या हातून कारखान्याकडे गेले. शिकाऱ्याला सोय मिळाली. पुंगळीच्या पोटात नेमके काय आहे याची माहिती मात्र त्याच्या हातून गेली.

बॉक्सर आणि बर्डन यांच्या टोप्यांमधला फरक छोटा, पण पुढच्या इतिहासावर त्याचा परिणाम मोठा झाला. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच भोक असते. त्यातून एक सुई आत सारली की वापरलेली टोपी बाहेर पडते आणि पुंगळी पुन्हा भरायला मोकळी होते. बर्डन पद्धतीत मध्यभागी ऐरणीसारखा उंचवटा असतो आणि त्याच्या बाजूला दोन बारीक भोके असतात. त्यातून टोपी काढणे जिकिरीचे. गंमत अशी की इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. अमेरिकेत हाताने काडतुसे भरण्याचा छंद फोफावला आणि युरोपात तो मागे राहिला, याच्या कारणांत हे एक भोकही आहे.

शेवयांसारखी दारू

१८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने धूर न करणारी दारू तयार केली. पाठोपाठ १८८९ मध्ये ब्रिटनमध्ये एबल आणि ड्यूअर यांनी कॉर्डाइटचे पेटंट घेतले. सुरुवातीच्या कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलीन असे. ते लगदा करून साच्यातून लांब दोऱ्यांच्या रूपात काढत, आपल्याकडे सोऱ्यातून शेव पाडतात तसे. नाव पडले तेही ‘कॉर्ड’ म्हणजे दोरी यावरूनच. निलगिरीतल्या अरुवनकाडू येथे विसाव्या शतकाच्या आरंभी कॉर्डाइटचा कारखाना निघाला आणि हा पदार्थ हिंदुस्थानात बनू लागला.

काळ्या दारूच्या मानाने कॉर्डाइट फार जोरकस. जुन्या हत्तीमार बंदुका खांदा निखळवणाऱ्या आणि धुराचा पडदा उभा करणाऱ्या होत्या. त्यांच्या जागी १८९८ मध्ये रिग्बी कंपनीची .४५० नायट्रो एक्सप्रेस आली. (हे आकडे नळीच्या किंवा गोळीच्या व्यासाचे, इंचाच्या भागांत दिलेले असतात.) पण कॉर्डाइटला एक खोड होती. उष्णतेने ते चढे. लंडनच्या थंडीत शहाण्यासारखे वागणारे काडतूस मे महिन्याच्या उन्हात तापले की नळीतला दाब वाढे, पुंगळी फुगून चेंबरमध्ये घट्ट बसे आणि बाहेर निघेना. समोर जखमी वाघ आणि हातात अडकलेली रायफल, ही वेळ कोणावरही येऊ नये अशीच. म्हणून उष्ण प्रदेशांसाठी दारू कमी घालून वेगळी काडतुसे भरली जात.

शिवाय कॉर्डाइट हाताने भरणे सोपे नव्हते. सैन्याच्या .३०३ काडतुसात तर पुंगळी सरळ असतानाच दोऱ्यांची जुडी आत घालत आणि नंतर पुंगळीची मान आवळत. हे काम कारखान्याचेच. हिंदुस्थानातल्या साहेबाला किंवा संस्थानिकाला जे डबे आगबोटीतून येत, त्यांवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

त्यातच १९०७च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० व्यासाच्या रायफलींना बंदी केली. जुन्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या आणि शिकारीच्या .४५० गोळ्या त्यांत वापरल्या जातील अशी भीती होती. बंदूक बनवणाऱ्यांनी त्यावर साधा तोडगा काढला: व्यास किंचित बदलला. .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी काडतुसांची रांगच लागली. आफ्रिकेत हत्तीच्या शिकारीसाठी पुढे विख्यात झालेले .४७० हे हिंदुस्थानातल्या एका सरकारी हुकमाचे अपत्य आहे.

मॅग्नम म्हणजे काय

‘मॅग्नम’ हा लॅटिन शब्द, अर्थ, मोठा. शॅम्पेनच्या दुप्पट मापाच्या बाटलीला मॅग्नम म्हणतात. नेहमीपेक्षा मोठ्या पुंगळीत जास्त दारू, म्हणून इंग्रज बंदूककारांनी हा शब्द काडतुसाला लावला. त्याला खरी प्रतिष्ठा मिळाली ती १९१२ मध्ये, लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीच्या .३७५ मॅग्नममुळे.

या काडतुसाच्या बुडाशी पितळेचा एक उंच पट्टा असतो. तो मजबुतीसाठी आहे असा समज फार पसरला. प्रत्यक्षात त्याचे काम वेगळे होते. कॉर्डाइटच्या लांब दोऱ्या मावाव्यात आणि तापलेली पुंगळी सहज सुटावी म्हणून तिचा आकार लांबट, उतरता ठेवला होता. अशा घसरत्या खांद्यावर पुंगळी चेंबरमध्ये नेमकी अडत नाही. ती जागच्या जागी अडावी म्हणून हा पट्टा. पुढे कॉर्डाइट गेले, पट्ट्याची गरज राहिली नाही, तरी ‘मॅग्नम’ म्हटले की पट्टा हवाच अशी समजूत पडली आणि अमेरिकन कंपन्याही तो पट्टा मिरवत राहिल्या.

१९२५ मध्ये याच पुंगळीची मान आवळून .३०० मॅग्नम तयार झाले. १९३५ मध्ये बेन कॉम्फर्ट याने या काडतुसावर अमेरिकेतली हजार यार्डांची विम्बल्डन कप नेमबाजी स्पर्धा जिंकली आणि मॅग्नमचे नाव अमेरिकेत गाजले. इथून या कथेचे केंद्र लंडनहून अमेरिकेत सरकते.

लाँड्रीच्या मागची खोली

अमेरिकेत हाताने काडतुसे भरण्याची परंपरा जुनी होती. गव्यांच्या कत्तलीच्या काळात शिकारी आपल्या तळावरच शिसे वितळवून गोळ्या ओतत आणि त्याच पुंगळ्या पुन्हा पुन्हा भरत. १८८४ पासून जॉन बार्लो यांची ‘आयडियल’ कंपनी त्यासाठी साचे आणि चिमटे विकत होती. पण या कामाला घराघरात नेले ते दुसऱ्या महायुद्धाने.

युद्धकाळात सगळा दारूगोळा आघाडीवर जात होता. नागरिकांना गोळ्या मिळेनात. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन नावाच्या तरुणाने वडिलांच्या लाँड्रीच्या मागच्या खोलीत एक यंत्र जुळवले. वापरलेल्या .२२च्या पुंगळ्या तो गोळ्यांच्या आवरणासाठी कामी आणू लागला. १९४३ मध्ये निघालेली त्याची ‘आरसीबीएस’ कंपनी काडतुसे भरण्याच्या साधनांसाठी जगप्रसिद्ध झाली. त्याच काळात आयडाहोमध्ये व्हर्नन स्पीअर गोळ्या बनवू लागले आणि १९४९ मध्ये नेब्रास्कात जॉइस हॉर्नेडी.

युद्ध संपल्यावर सरकारकडे दारूचे डोंगर उरले. गॅस कंपनीत नोकरी करणाऱ्या ब्रूस हॉजडन यांनी त्यातली ५०,००० पौंड दारू विकत घेतली आणि छोटी जाहिरात देऊन ती किरकोळीत विकायला काढली. पुढे त्यांनी २० मिलिमीटर तोफेच्या गोळ्यांतली दारूही आणली. ती फार सावकाश जळणारी होती, आणि मॅग्नमला नेमके हेच हवे होते.

याचे कारण स्वयंपाकघरातले उदाहरण घेतले तर पटकन कळेल. छोट्या भांड्याला मोठी आच चालते. मोठ्या हंड्याखाली एकदम जाळ केला तर बुडाशी करपते आणि वर कच्चे राहते. मोठ्या पुंगळीत पुष्कळ दारू असते आणि गोळीला निघायला वाट अरुंद असते. दारू भसकन जळली तर गोळी हलण्याआधीच दाब धोक्याबाहेर जातो. मंद जळणारी दारू गोळीला नळीभर ढकलत नेते. मॅग्नमची ताकद अशी मंद आचेवर शिजते.

चिखलाने माखलेला मूस

रॉय वेदरबी हे कॅलिफोर्नियातले विमा व्यवसायातले गृहस्थ. आपल्या गोळीने जखमी झालेले हरीण निसटून गेले, ही गोष्ट त्यांच्या मनाला लागली. त्यांनी उपाय शोधला तो वेगात. .३०० मॅग्नमचे काडतूस किंचित मोठ्या चेंबरमध्ये झाडले की पितळ फुगून त्या आकाराचे होते. अशा फुगवलेल्या पुंगळीत जास्त दारू भरून त्यांनी स्वतःचे मॅग्नम तयार केले आणि १९४५ मध्ये दुकान थाटले. गोळी पुरेशी वेगवान असेल तर जनावर जागीच पडेल, हा त्यांचा सिद्धान्त.

१९४६ मध्ये या सिद्धान्ताची दुसरी बाजू उघडी पडली. ऑरेगनमधले मालवाहतुकीच्या धंद्यातले जॉन नॉस्लर कॅनडात ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेले. मूस म्हणजे सांबराच्या कुळातले, पण घोड्याहून थोराड जनावर. समोरचा मूस वाळलेल्या चिखलाने माखला होता. नॉस्लर यांच्या .३०० मॅग्नमच्या गोळ्या त्याच्या खांद्यावर अचूक बसत होत्या. मात्र वेग इतका, की गोळी कातडीवर आदळताच फुटून तिचे तुकडे होत आणि आत खोल काहीच पोचत नसे. नेम बरोबर होता, ताकद भरपूर होती, आणि जनावर जखमा घेऊन उभे होते.

गोळीचे फुलणे ही जुनी गुंतागुंत. कलकत्त्याजवळच्या डमडम येथे १८९०च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी मऊ टोकाची गोळी बनवली, ती शरीरात फुलून मोठी जखम करी. १८९९च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्यांना मनाई झाली. शिकारीत मात्र फुलणारी गोळीच योग्य मानली गेली, कारण जनावराला जखमी ठेवून सोडण्यापेक्षा त्वरित मरण देणे बरे. अडचण प्रमाणाची होती. फुलली नाही तर आरपार जाते, फार फुलली तर वरच फुटते.

नॉस्लर यांनी घरी परतल्यावर तांब्याची कांडी लेथवर दोन्ही बाजूंनी कोरली आणि मध्ये तांब्याचीच एक आडवी भिंत ठेवली. पुढच्या कप्प्यात शिसे, मागच्या कप्प्यातही शिसे. पुढचा भाग फुलेल, भिंतीपाशी थांबेल आणि मागचा भाग अखंड राहून आत घुसेल, अशी ही रचना. जर्मनीत याआधी अशा विचाराची गोळी निघाली होती, पण नॉस्लर यांनी आपली वाट स्वतः शोधली. पुढच्या हंगामात ते आणि त्यांचे मित्र त्याच मुलखात गेले. दोन मूस, दोन गोळ्या. १९४८ मध्ये ‘पार्टिशन’ नावाने ती गोळी बाजारात आली. ती मिळे सुटी. म्हणजे ज्याला हवी त्याने काडतूस स्वतः भरायचे. पुढे वेदरबी यांनाही आपल्या काडतुसांत नॉस्लरच्या गोळ्या घालाव्या लागल्या.

वहीतली नोंद

हाताने भरलेले काडतूस ‘जमवायचे’ म्हणजे काय, हे इथे सांगायला हवे. दारू मोजण्याचे एकक ग्रेन. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या गुंजेच्या अर्ध्याहून थोडे अधिक. सोनाराच्या काट्यासारख्या नाजूक काट्यावर एक एक बार तोलायचा. छापील पुस्तकात दिलेल्या खालच्या मापापासून सुरुवात करायची आणि थोडे थोडे वर जायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: दारू बदलली तर गोळी तीच, गोळी बदलली तर पुन्हा खालून सुरुवात. प्रत्येक बारानंतर पुंगळी उचलून पाहायची. टोपी चपटी झाली आहे का? बुडावर चकचकीत ओरखडा आहे का? बोल्ट उघडताना जड गेला का? ही सगळी दाब वाढल्याची लक्षणे. ती दिसताच माघार घ्यायची. गोळ्यांचा लक्ष्यावरचा पुंजका कुठे सर्वांत घट्ट बसतो, ते माप वहीत लिहायचे. अनेकदा हे माप सर्वांत जोरकस नसते, त्याच्या खालचे असते.

कोलोरॅडोतला बंदूककार पी. ओ. ॲक्ली याने तर वेगवेगळ्या रायफली मुद्दाम फुटेपर्यंत झाडून पाहिल्या आणि १९६२ मध्ये या छंदाची एक प्रसिद्ध पुस्तिका लिहिली. ठरावीक नळीसाठी पुंगळी एका मर्यादेपलीकडे मोठी केली, तर दारू खूप वाढते आणि वेग जेमतेम, हा त्याचा निष्कर्ष. मॅग्नमच्या वेडात सापडलेल्या पिढीला तो रुचण्यासारखा नव्हता.

रानरेड्यासमोर

कारखान्यावर किती विसंबायचे, हा प्रश्न पुन्हा एकदा जिवावर आला तो आफ्रिकेत. १९५६ मध्ये विंचेस्टर कंपनीने .४५८ मॅग्नम काढले. महागड्या ब्रिटिश दुनळीचे काम स्वस्त अमेरिकन रायफलीने करावे, हा हेतू. साध्या मापाच्या रायफलीत बसावे म्हणून पुंगळी अडीच इंचांची ठेवली आणि तीत दारू दाबून भरली. काही वर्षांनी तक्रारी येऊ लागल्या. दाबलेली दारू कालांतराने ढेप होऊन बसे, नीट पेटत नसे. कंपनी सेकंदाला २,१०० फुटांहून अधिक वेग सांगे. प्रत्यक्ष मोजल्यावर तो बराच कमी भरे. गोळीचा वेग मोजणारी उपकरणे सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, तेव्हा हे उघड झाले.

१९५९ मध्ये मोझांबिकमध्ये जॅक लॉट या अमेरिकन शिकाऱ्याला रानरेड्याने जबर जखमी केले. त्याच्या हातात .४५८ होती. त्या अनुभवातून त्याने पुढे स्वतःचे काडतूस तयार केले. त्यासाठी त्याने पुंगळी घेतली ती १९१२च्या .३७५ मॅग्नमची, लांब. जागा जास्त मिळाल्यामुळे दारू कोंबावी लागेना. ‘.४५८ लॉट’ हे काडतूस तीसेक वर्षे फक्त हाताने भरणाऱ्यांच्या टेबलांवर जगले. २००२च्या सुमारास कारखान्यांनी ते स्वीकारले. ठासणीच्या काळानंतर शिकाऱ्याच्या हातून निसटलेली जबाबदारी त्याने अशी परत घेतली होती, आणि या वेळी कारखाना त्याच्याकडून शिकला.

भिंतीवरच्या रायफली

१९६०च्या दशकात ब्रिटनच्या कायनॉक कंपनीने मोठ्या काडतुसांचे उत्पादन आवरते घेतले. जगभरच्या .४६५ आणि .४७० दुनळ्या मुक्या झाल्या. अमेरिकेत आणि आफ्रिकेत हाताने भरणाऱ्यांनी नव्या पुंगळ्या मिळवून त्यांना पुन्हा बोलते केले. आपल्याकडे तसे झाले नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याने दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा प्रश्नच मिटवला. जुन्या संस्थानिकांच्या वाड्यांत लंडनच्या नामांकित रायफली भिंतीवर राहिल्या.

त्याबद्दल हळहळ वाटावी असे काही नाही. वाघ संपत आला होता, कायदा उशिराच आला. पण या लोकांच्या वह्यांमध्ये जे शहाणपण साठले, ते शिकार थांबली म्हणून वाया जात नाही. आपल्या हातून सुटणाऱ्या गोष्टीच्या परिणामाला आपणच जबाबदार आहोत, ती सोडण्याआधी तोलून पाहावी, आणि चूक झाली तर दुसऱ्यावर ढकलू नये, एवढेच ते शहाणपण. नॉस्लर यांनी मूसला दोष दिला नाही, लॉटने रेड्याला दिला नाही. दोघेही घरी येऊन टेबलाशी बसले.

चंपावतच्या वाघिणीवर ती पहिली गोळी झाडणारा माणूस मात्र बहुधा घरी गेला आणि ती घटना विसरला. त्याचे नाव इतिहासात नाही. त्याचा बार फुसका गेला, आणि त्याचा हिशेब ४३६ घरांनी चुकता केला.